विश्लेषण : घर आपले, स्लॅब सगळ्यांचा! फरशी बदलण्याचे साधे काम इमारतीच्या जिवावर का बेतते?

पावसाळा ओसरला की घराघरांत कामे निघतात. छतावरचे ओलीचे डाग, भिंतींचे पोपडे, तोंडावर आलेली दिवाळी. मग ‘रंगकाम काढलेच आहे, तर फरशीही बदलून घेऊ’ असा विषय निघतो आणि पाहता पाहता स्वयंपाकघराची भिंतही पाडायचे ठरते. या कामांकडे आपण हौस आणि खर्च एवढ्याच नजरेने पाहतो. सदनिकेतील जमीन मात्र खालच्या कुटुंबाचे छत असते आणि आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला खांब वरच्या सगळ्या मजल्यांचा असतो. गेल्या काही वर्षांतील दुर्घटना हेच सांगतात. फरशी, भिंती आणि गळती यांचा इमारतीच्या मजबुतीशी नेमका संबंध काय, कोणत्या कामाला कोणाची परवानगी लागते आणि देखभालीचा पैसा कुठून यायचा, याचा हा आढावा.

कल्याण, गुरुग्राम, घाटकोपर… साम्य काय?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका घरात फरशीचे काम सुरू होते. त्या घराचा स्लॅब खचला आणि खालचे स्लॅब सोबत घेत तळमजल्यापर्यंत आला. सहा जणांचा मृत्यू झाला. पोलिसांनी घरमालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्याआधी १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील चिंटेल्स पॅराडिसो या उंच इमारतींच्या संकुलात सहाव्या मजल्यावर नूतनीकरण चालू असताना असेच झाले. खालच्या घरांची छते एकापाठोपाठ एक कोसळली आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. ती इमारत जुनाट नव्हती, अवघ्या काही वर्षांपूर्वीची होती. पुढे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत तिच्या काँक्रीटमध्ये सळया गंजवणारे क्लोराइड आढळले.

मुंबईत २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला होता आणि त्या प्रकरणी अटकही झाली.

या तिन्ही ठिकाणी काम एका घरात चालले होते आणि जीव इतरांचा गेला. दुसरे साम्य तांत्रिक आहे. फरशीच्या कामाने धडधाकट इमारत सहसा कोसळत नाही. आतून कमकुवत झालेल्या स्लॅबवर ते काम शेवटचा घाव ठरते. हा कमकुवतपणा असतो का, हे काम काढण्यापूर्वी कोणी पाहिलेलेच नसते, ही खरी अडचण आहे.

स्लॅबला किती वजन पेलवते?

भारतीय मानकांनुसार राहत्या घराचा स्लॅब, त्याचे स्वतःचे वजन आणि फरशी वगळता, प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो वापराचा भार धरून आखला जातो. माणसे, कपाटे, पलंग हे सगळे यात आले. फरशी आणि तिच्याखालच्या थरासाठी आराखड्यात वेगळी तरतूद असते, ती साधारण १०० ते १५० किलोची. शिवाय भार दीडपट धरून गणित केलेले असते. ही दीडपट म्हणजे वाईट दिवसासाठी राखून ठेवलेली ताकद. ती मनमानी वापरायला दिलेली सवलत नव्हे, पण व्यवहारात तशीच वापरली जाते.

आता जुनी फरशी न काढता तिच्यावर चार सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा थर घालून संगमरवर बसवला असे धरू. थराचे ८० ते ८५ किलो, १८ मिलिमीटर संगमरवराचे सुमारे ५० किलो, म्हणजे प्रति चौरस मीटर १३० किलो भार वाढला. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत हे वजन जवळपास दीड टन होते. एखादी मोटार कायमची त्या खोलीत उभी करावी, तसे. त्याऐवजी जुन्या फरशीवर चिकटद्रव्याने पातळ टाइल बसवल्या तर वाढ प्रति चौरस मीटर ३० किलोच्या आसपास राहते. दिसायला दोन्ही ‘फरशीवर फरशी’च, पण स्लॅबच्या दृष्टीने त्यांत चौपटीहून अधिक फरक आहे. चिकटद्रव्य वापरायचे तर खालची फरशी पोकळ वाजता कामा नये, एवढी अट आहे.

जुनी फरशी काढून नवी बसवणे त्यामुळे अधिक सुरक्षित, असे वाटेल. शेवटचा हिशेब पाहता ते बरोबरही आहे. पण मधल्या चार दिवसांचे काय? उखडलेल्या फरशीचा आणि थराचा राडारोडा प्रति चौरस मीटर १०० ते १२० किलो निघतो. दोन खोल्यांची फरशी काढून तो तिसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात रचला, तर अडीच टन वजन चार-पाच चौरस मीटरवर येते, म्हणजे आराखड्यातील भाराच्या अडीच ते तिप्पट. त्याच्या शेजारी वाळूचा ढीग आणि सिमेंटच्या ५० किलोच्या वीस गोण्या ठेवल्या की आणखी काही टनांची भर पडते. ‘उद्या टेम्पो येणार आहे, तोवर राहू दे’ हे वाक्य म्हणून धोक्याचे आहे. त्यात फरशी छिन्नी-हातोडीऐवजी ब्रेकर यंत्राने फोडली तर हादरे थेट स्लॅबमध्ये उतरतात. घाईत यंत्राचे टोक थराखाली गेले तर सळयांवरचे काँक्रीटही निघते.

गच्ची आणि बाल्कनीतील बागांनाही हेच गणित लागू आहे. एक फूट जाडीची ओली माती प्रति चौरस मीटर ५०० किलोच्या वर जाते. गच्चीवर दर दहा वर्षांनी गळतीसाठी जुना वीटतुकड्यांचा कोबा तसाच ठेवून त्यावर नवा कोबा घालण्याची पद्धत तर सर्रास दिसते. गळती थांबते न थांबते, गच्चीचे वजन मात्र नक्की वाढते.

भिंत पाडली तर काय बिघडते?

हे इमारत कशी उभी आहे यावर अवलंबून आहे. खांब-तुळयांच्या आरसीसी सांगाड्यात मधल्या चार-साडेचार इंची विटांच्या भिंती केवळ आडोसा असतात. वरचा भार त्यांच्यावर नसतो, निदान कागदावर तरी. भारवाही भिंतींच्या इमारतींत, म्हणजे जुन्या चाळी, वाडे आणि काही दुमजली-तिमजली बंगल्यांत, नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतच वरचा मजला तोलून धरते. तिथे दरवाजा रुंद करणे हीसुद्धा शस्त्रक्रियाच. अलीकडच्या अनेक उंच इमारतींत तर विटाच नसतात. बाहेरच्या आणि मधल्या काही भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्या सांगाड्याचाच भाग असतात. अशा भिंतीत एसीच्या नळीसाठी हवे तिथे भोक पाडणेही योग्य नाही.

पाडण्याची चर्चा होते, नवी भिंत बांधण्याची होत नाही. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीचे वजन धावत्या मीटरला सुमारे ७०० किलो भरते. मुलांची खोली वेगळी करायची म्हणून तीन मीटरची भिंत खाली तुळई नसलेल्या जागी उभी केली, की दोन टन वजन स्लॅबच्या मध्यावर एका रेषेत बसते. तीच भिंत हलक्या ब्लॉकची बांधली तर वजन निम्म्याहून खाली येते आणि जिप्सम फलकांची केली तर त्याहूनही कमी. बाल्कनी खोलीत घेताना, संडास-बाथरूमची जागा बदलताना भरावासाठी टाकलेल्या वीटतुकड्यांचेही असेच. तुळई आडवी आली म्हणून छताची उंची वाढवायला ती खालून तासणारे कारागीर आहेत आणि त्यांना तसे करायला सांगणारे घरमालकही आहेत. तुळईचा खालचा भाग म्हणजे जिथे मुख्य सळया असतात तोच.

जुन्या इमारतीत धोका का वाढतो?

काँक्रीटमधील पोलाद सुरक्षित असते ते त्याच्याभोवतीच्या अल्कधर्मी आवरणामुळे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, हे संरक्षण संपते आणि पाणी मिळाले की सळई गंजू लागते. गंज मूळ पोलादाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो, आधी बारीक तडा जातो, मग पोपडा सुटतो, मग सळई उघडी पडते. समुद्राजवळ खारी हवा ही प्रक्रिया वेगाने घडवते. १९७८च्या मानक संहितेत स्लॅबच्या सळयांवर किमान १५ मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानले होते. २०००च्या सुधारित संहितेत सौम्य हवामानात २० आणि सागरी हवेच्या थेट संपर्कातील भागांसाठी ४५ मिलिमीटर अशी श्रेणी आली. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडमधील त्यापूर्वीच्या हजारो इमारती मात्र जुन्याच हिशेबाने उभ्या आहेत, त्याही प्रत्यक्ष बांधकाम तेवढ्या काटेकोरपणे झाले असे गृहीत धरले तर.

म्हणूनच वरच्या बाथरूमची गळती ही शेजाऱ्यांच्या भांडणापुरती गोष्ट नाही. सतत ओला राहणारा स्लॅब आतून झिजत असतो. त्यावर सर्वांत वाईट उपाय म्हणजे खालून पीओपीचे छत लावून डाग झाकणे. खोली सुरेख दिसते, दिवे बसवता येतात, पण स्लॅब आपली अवस्था ज्या भाषेत सांगत असतो ती भाषाच दिसेनाशी होते. नुसता पोपडा खरवडून सिमेंट लिंपणेही निरर्थक. गंजलेली सळई साफ करून, गरज असल्यास जोड सळई देऊन, गंजरोधक लेप आणि पॉलिमरयुक्त मिश्रणाने भरणा करावा लागतो. तोही पाण्याचा उगम बंद केल्यानंतर, अन्यथा तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

परवानगी कोणाची लागते?

खांब, तुळई, स्लॅब, भारवाही भिंत यांना हात लागणार असेल किंवा घराचा वापर बदलणार असेल, तर नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा दाखला आणि महापालिकेची परवानगी अनिवार्य आहे. याउलट रंग, प्लास्टर, फरशी बदलणे, नळ आणि शौचालयाची दुरुस्ती अशी कामे मुंबईसह राज्यभर किरकोळ दुरुस्तीत मोडतात आणि त्यांना सर्वसाधारणपणे महापालिकेची स्वतंत्र परवानगी लागत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार मात्र सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. अपार्टमेंट मालकी कायद्याखालील इमारतींत, ज्या पुण्यात बऱ्याच आहेत, इमारतीच्या मजबुतीला बाधा येईल असे काम सर्व मालकांच्या संमतीविना करण्यास मनाई आहे.

किरकोळ दुरुस्तीची ही सवलत आवश्यकच आहे, नाहीतर नळ बदलायलाही प्रभाग कार्यालयात खेटे घालावे लागतील. पण ती कामाच्या नावावर बेतलेली आहे, वजनावर आणि इमारतीच्या वयावर नाही. चार वर्षांच्या इमारतीतील पातळ टाइल आणि चाळीस वर्षांच्या इमारतीतील संगमरवर कायद्याच्या लेखी एकच, ‘फरशी बदलणे’. ही पोकळी भरून काढू शकते ती सोसायटीची समिती. प्रत्यक्षात समित्यांच्या परवानगीपत्रात अनामत रक्कम, दुपारच्या झोपेचे तास, लिफ्टमध्ये गोण्या न नेण्याची तंबी असे सगळे असते. थर किती जाडीचा, जुनी फरशी काढणार का, राडारोडा रोज उतरवणार का, हे तीन प्रश्न तेवढे नसतात. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर फरशीच्या कामालाही अभियंत्याचा एक पानी अभिप्राय मागण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने करण्यास कोणताही अडसर नाही. अभियंत्याच्या एका भेटीचा खर्च एकूण कामाच्या तुलनेत नगण्य असतो.

संरचनात्मक तपासणी कधी बंधनकारक?

मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३५३ब आणि इतर शहरांसाठीच्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५अ यांनुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी सक्तीची आहे. आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे ते सांगतात. इमारतीभोवती चक्कर मारून, चार छायाचित्रे काढून दिलेला अहवाल म्हणजे तपासणी नव्हे. हातोडी आणि ध्वनिलहरींनी काँक्रीटचा दर्जा, सळयांच्या गंजाची शक्यता, कार्बनचा शिरकाव किती खोल गेला आहे आणि शंका असेल तिथे काँक्रीटचा नमुना काढून त्याची ताकद, एवढे त्यात असायला हवे. अभियंत्याला प्रत्येक घरात जाऊ द्यावे, बाथरूमच्या खालची छते दाखवावीत.

अहवालानंतर इमारत कोणत्या वर्गात जाते यावर पुढचे सारे ठरते. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे पूर्ण वा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२बी’ म्हणजे रहिवासी राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. पुनर्विकासाच्या ओढीने ‘सी-१’ हवा असणारे आणि घर सोडायला नको म्हणून ‘सी-२बी’ हवा असणारे असे दोन गट अनेक सोसायट्यांत असतात आणि प्रत्येक गट आपला अभियंता आणतो. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते.

खर्च कोणी उचलायचा?

गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक नळ्यांतून होणारी गळती आणि त्यामुळे खराब झालेले शेवटच्या मजल्याचे छत यांचा खर्च सोसायटीचा. वरच्या घराच्या संडास, बाथरूम, मोरीतून होणारी गळती ही त्या सदस्याची जबाबदारी. वाद रेंगाळतो तो पाणी नेमके कुठून येते यावर. बाथरूमच्या जमिनीवर रंगीत पाणी एक-दोन दिवस साचवून ठेवले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते.

निधीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उपविधींनुसार दुरुस्ती-देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमा व्हायला हवी. बांधकाम खर्च १५ लाख असेल तर वर्षाला १५ हजार, महिन्याला १,२५० रुपये. केवळ या दोन शीर्षांखाली एवढी रक्कम घेणाऱ्या सोसायट्या विरळाच. ‘आमचे मेंटेनन्स परिसरात सगळ्यांत कमी’ असे अभिमानाने सांगितले जाते आणि वीस वर्षांनी दुरुस्तीसाठी प्रत्येकी दोन-तीन लाखांची मागणी आली की सभा उधळते. यात निवृत्त सदस्यांची कोंडी सर्वाधिक होते, कारण त्यांचे उत्पन्न आटते तेव्हाच इमारतीचा खर्च वाढतो.

नव्या घरांना रेरा कायद्याच्या कलम १४ चे संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचना किंवा कामाच्या दर्जातील दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. पण ताबा मिळताच बाथरूम तोडून नवे केले असेल, तर गळती मूळच्या कामातील की नंतरच्या, हा वाद विकासकाला आयताच मिळतो. त्यामुळे नव्या घरात निदान एक पावसाळा काढावा, दोष छायाचित्रांसह लेखी कळवावेत आणि मगच तोडफोडीला हात घालावा.

काम काढताना काय पाहावे?

आधी गळती, मग सळया-काँक्रीट, मग वीज आणि नळाच्या वाहिन्या, मग फरशी आणि सगळ्यांत शेवटी रंग, हा क्रम उलटला की पैसे दोनदा जातात. बाथरूमचा जलरोधक थर घातल्यावर टाइल बसवण्यापूर्वी ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहावे. ठेकेदार यासाठी कुरकुर करतो, कारण त्याचे दोन दिवस जातात. खालच्या घरातील लोकांना कामाच्या तारखा आधी सांगाव्यात. शिष्टाचार म्हणून ते बरे दिसतेच, पण छताला नवा तडा गेला तर तो पहिल्यांदा त्यांनाच दिसणार असतो. भाडेकरूंच्या घरात मालकाने काम काढले असेल तर तडे, गळती कळवण्यासाठी समितीतील एक नाव त्यांच्याकडे असावे.

काम चालू असताना तुळईला किंवा स्लॅबला नवा तडा दिसणे, तो तासाभरात रुंदावणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, प्लास्टरचे ढलपे पडणे, करकर आवाज येणे, यांपैकी काहीही झाले तर काम थांबवून टेकू लावण्याचा विचार नंतर. आधी वरची-खालची घरे रिकामी करावीत आणि अग्निशमन दलाला कळवावे. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये डोंबिवलीच्या कोपर भागात पहाटे चारच्या सुमारास मोबाइलवर वेबसीरिज पाहत जागा असलेल्या एका तरुणाला स्वयंपाकघराचा भाग खचताना दिसला. त्याने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना उठवून बाहेर काढले. पंचाहत्तरच्या आसपास माणसे बाहेर पडली आणि थोड्याच वेळात इमारतीचा भाग कोसळला. ती इमारत धोकादायक असल्याचे काही महिने आधीच जाहीर झालेले होते.